न दिसणारी धार

वस्तऱ्याची धार तपासायची असेल, तर खोलीतला एकच दिवा चालू ठेवावा, त्याच्याखाली पाते धार वर करून धरावे आणि डोळ्यांसमोर हळूहळू कलते करत न्यावे. धारेवर कुठे बारीक पांढरी रेघ चमकली, तर त्या जागी वस्तरा बोथट आहे. जिथे काहीच चमकत नाही, तिथे धार आहे. बोथट कडेला थोडीफार रुंदी असते आणि ती रुंदी प्रकाश परतवते. चांगल्या धारेची जाडी एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते आणि तिच्यावरून डोळ्यापर्यंत काहीच पोचत नाही. वस्तरा दगडावर पाजवायला शिकू लागलो, तेव्हा या गोष्टीने मला आधी गोंधळात टाकले आणि मग गुंतवून ठेवले. इथे काम जसजसे पुरे होत जाते, तसतसे पाहण्याजोगे काही उरत नाही. नवशिक्याला नेमके हेच अवघड जाते, कारण हाताला अजून काही कळत नसल्यामुळे तो सगळा भरवसा डोळ्यांवर टाकून बसलेला असतो.

माझा वस्तरा पुण्याच्या जुन्या बाजारातला. गंजके पाने, पितळी कड्या आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या राशींत तिथे अधूनमधून जुने विलायती वस्तरे निघतात आणि त्यांच्या शेपटीवर, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या निमुळत्या भागावर, इंग्लंडमधले शेफील्ड किंवा झोलिंगन यांपैकी एखाद्या गावाचे नाव ठसवलेले असते. माझ्या वस्तऱ्यावर झोलिंगनचे आहे. जर्मनीतल्या या गावाचा दबदबा एवढा होता, की १९३८ मध्ये त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण देण्यात आले आणि त्या परिसरात न घडलेल्या मालावर ते नाव घालण्यास मनाई झाली. अर्थात नाव कितीही मोठे असले, तरी पाते नीट न्याहाळल्याशिवाय पैसे काढू नयेत. पाठीजवळचा गंज दिसायला वाईट असतो, पण निरुपद्रवी असतो. धारेजवळ सुईच्या टोकाएवढे काळे खड्डे असतील तर मात्र वस्तरा खाली ठेवावा, कारण दगडावर कितीही घासले तरी धार मागे सरकत सरकत पुन्हा एखाद्या खड्ड्यातच जाऊन पोचते. मूठ सेल्युलॉइडची असेल तर आणखी एक पाहावे लागते. सेल्युलॉइड जुने होऊन कुजू लागले, की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मुठीत मिटून ठेवलेले पाते त्या वाफेने आतल्या आत खाल्ले जाते. वरून सुरेख, कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली मूठ आणि उघडल्यावर आत चाळण झालेले पाते, असे वस्तरे मी या बाजारात पाहिले आहेत.

वस्तरा घरी आल्यावर पहिला विचार स्वाभाविकपणे न्हाव्याचा आला. आमच्या पेठेतल्या सलूनच्या काकांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी तो उघडला, अंगठ्याने धारेला आडवा स्पर्श केला आणि मिटून परत दिला. वडिलांच्या धोकटीत असाच वस्तरा होता, ते तो चामड्याच्या पट्ट्यावर आणि पट्टा हाताशी नसला तर तळहातावरही ओढून घ्यायचे, पण आपल्याला स्वतःला दगडावर लावता येत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. त्यांच्या हातात तेव्हा जो वस्तरा होता, त्यात दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा बसतो आणि गिऱ्हाईक उठले की तो तुकडा डब्यात जातो. एड्सविषयी जागृती झाल्यानंतर सलूनमध्ये हा बदल झपाट्याने झाला आणि तो योग्यच होता. एकच पाते अनेक गालांवरून फिरवण्याचे समर्थन जुन्याच्या कौतुकापोटी कोणीही करू नये. मात्र त्या बदलात पाजवण्याची विद्या एका पिढीत दुकानातून बाहेर पडली, आणि आज ज्याला ती हवी असते त्याला ती बहुतेक वेळा दगडाकडूनच शिकावी लागते.

दगड शिकवतो, पण त्याआधी वस्तऱ्याची घडण शिकवते. कोयता किंवा सुरी दगडावर लावताना पाते किती कलते धरायचे हे हाताला ठरवावे लागते आणि तो कल प्रत्येक घासण्यात सारखा ठेवणे हेच तिथले कसब असते. वस्तऱ्याच्या कारागिरांनी हा प्रश्न घडवतानाच सोडवून टाकला आहे. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की त्याची जाड पाठ आणि धार अशी दोन्ही टोके दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. पाठीची जाडी ५ मिलिमीटर आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर असेल, तर धारेशी मिळणाऱ्या दोन उतारांमधला कोन साधारण १६ अंशांचा येतो. रुंदी जाडीच्या सुमारे साडेतीन पट ठेवण्याचा प्रघात या हिशेबातूनच आला आहे. पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला लागत असल्यामुळे दोन्ही बरोबरच झिजतात आणि वर्षानुवर्षे पाजवूनही प्रमाण फारसे ढळत नाही. हे मला समजले तेव्हा नवशिक्याचे अर्धे ओझे उतरल्यासारखे वाटले. उरलेले अर्धे कोणते, ते दगडावर पाणी टाकल्यावर कळले.

कौलारू घराच्या छपराची दोन पाखी जशी आढ्यावर येऊन मिळतात, तसे पात्याचे दोन्ही बाजूंचे उतार धारेवर येऊन मिळायला हवेत. ती मिळणी म्हणजेच धार. तिच्याखेरीज धार म्हणून वेगळी अशी काही वस्तू पात्यात नसते. वस्तरा बोथट होतो तेव्हा आढे घासून सपाट झालेले असते, आणि ते पुन्हा मिळवायचे तर दोन्ही पाखी एवढी खाली उतरवावी लागतात, की ती सपाटी नाहीशी व्हावी. सगळे पाजवणे एवढेच आहे. पुढचे बारीक दगड, चामडे, कापड ही सगळी या मिळणीला गुळगुळीत करण्याची साधने आहेत. मिळणी घडवण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही.

पात्याच्या पोटाचा आकार या हिशेबात मोठा फरक करतो. बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत वितळवून एकजीव पोलाद बनवण्याची रीत बसवली आणि वस्तऱ्यासाठी लागणारे कठीण, सारख्या पोताचे पोलाद त्या गावाला मिळू लागले. तिथले जुने वस्तरे पाचरीसारखे, पाठीपासून धारेपर्यंत जवळपास सरळ उतरत गेलेले असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाते दोन्ही अंगांनी आतून कोरून काढण्याची पद्धत रुळली आणि त्यात झोलिंगनच्या कारागिरांनी नाव काढले. कोरलेल्या पात्याचे धारेजवळचे अंग इतके पातळ असते, की नखाने टिचकी मारली तर ते बारीक झंकारते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने कोरलेला वस्तरा सोपा, कारण दगडाला फक्त दोन अरुंद पट्ट्या टेकतात आणि थोडेच पोलाद काढावे लागते. पाचरीच्या आकाराच्या वस्तऱ्यात अख्खी बाजूच दगडाला लागू पाहते आणि तासन् तास घासावे लागते. तशा वस्तऱ्याच्या पाठीवर वायरमन वापरतात ती इन्सुलेशन टेप चिकटवतात. तिची जाडी दीड दशांश मिलिमीटरच्या आसपास असते; दोन्ही अंगांनी मिळून ती कोन जवळपास एका अंशाने वाढवते आणि पाठीवरची जुनी नक्षीही वाचवते. एकदा टेप लावून घडवलेला उतार पुढच्या खेपेस टेपशिवाय दगडावर टेकत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते.

दगडांविषयी थोडे सांगायला हवे. हार्डवेअरच्या दुकानात धार लावायचा दगड मागितला, की पुढे येतो तो करड्या-काळ्या रंगाचा, एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने जरा बारीक कणांचा ठोकळा, आणि दुकानदार त्याला कार्बोरंडम म्हणतो. एडवर्ड अ‍ॅचेसन या अमेरिकनाने १८९१ मध्ये कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटाटोपात सिलिकॉन कार्बाइड तयार केले आणि त्याला हे नाव दिले. विळ्या-कोयत्यासाठी हा दगड उत्तम आहे. वस्तऱ्याला तो लावू नये; त्याची बारीक म्हणवणारी बाजूही धारेवर करवतीसारखे ओरखडे पाडते आणि ते पुसायला नंतर दुप्पट पोलाद खर्ची पडते. वस्तऱ्याचे काम १००० क्रमांकाच्या दगडावर सुरू होते, मधे ४००० किंवा ५००० चा दगड लागतो आणि ८००० किंवा १२००० वर ते संपते. हजाराच्या दगडातले कण साधारण १२ ते १५ मायक्रॉनचे, आठ हजाराच्या दगडातले एक-दोन मायक्रॉनचे. असे कृत्रिम दगड प्रामुख्याने जपानमधून येतात आणि स्वस्त नसतात. वस्तऱ्याला दिले त्याच्या कितीतरी पट पैसे मी दगडांना दिले आहेत आणि घरात हा विषय मी स्वतःहून काढत नाही.

नैसर्गिक दगडांत बेल्जियमचा पिवळा कोटिक्युल मला सर्वांत मोहवतो. आर्डेन्सच्या डोंगराळ भागात, व्हिएलसाल्म गावाच्या परिसरात, जांभळट निळ्या पाटीच्या दगडाच्या थरांमध्ये त्याच्या फिकट पिवळ्या शिरा सापडतात. ऑर्डोव्हिशियन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कालखंडातले हे खडक आहेत. या शिरा इतक्या पातळ असतात, की पिवळ्या दगडाची चकती बहुधा पाटीच्या तुकड्यावर चिकटवूनच विकावी लागते. त्याच्या पोटात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक खच्चून भरलेले असतात. हे स्फटिक अनेक पैलूंचे आणि गोलसर असल्यामुळे पोलादात खोल चर पाडत नाहीत, उथळ खरवडतात. त्याच दगडाचा एक छोटा तुकडा पाण्यासह वर घासला की दुधासारखा गाळ तयार होतो आणि दगड जोरात कापू लागतो. मग थेंब थेंब पाणी घालून तो गाळ पातळ करत नेला की कापणे मंदावते आणि शेवटी नुसत्या पाण्यावर तोच दगड धारेला झिलई देतो. एका दगडात चार दगडांचे काम होते, असे याचे वर्णन करतात आणि ते खरे आहे; पण गाळ किती आणि केव्हा पातळ करायचा हे ओळखायला सरावलेला हात लागतो. नवशिक्याने क्रमांक छापलेल्या दगडांवरच शिकावे, असे माझे मत आहे. त्यांच्यावर निदान चूक कुठल्या पायरीवर आहे हे तरी कळते.

दगड सपाट आहे की नाही हे कोणी विचारत नाही, आणि तिथेच अनेकांचे काम फसते. दगड कारखान्यातून आला म्हणून सपाट असेलच असे नाही, आणि वापरात तो मध्ये खोलगट होतच जातो. त्याच्या पृष्ठभागावर शिसपेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून पसरावा आणि दगड त्यावर पालथा घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. दोन-तीनदा पुन्हा आखून पाहावे, कारण कोपऱ्यातली एखादी रेघ हट्टाने शिल्लक राहते.

आता खरे काम. हजाराच्या दगडावर पाणी घ्यायचे, पाते आडवे टेकवायचे आणि धार पुढे ठेवून ते ढकलायचे. टोकाला पोचले की पाठ दगडावरून न उचलता पाते पाठीवरच उलटायचे आणि धार पुढे ठेवूनच परत आणायचे. उलटताना धार दगडावरून लोळली तर तास-दोन तासांचे काम एका क्षणात जाते. दगड बहुधा सात-साडेसात सेंटिमीटर रुंद असतो आणि पात्याची लांबीही जवळपास तेवढीच असते, त्यामुळे सरळ ढकलले तर टाच, म्हणजे धारेचा शेपटीकडचा भाग, किंवा टोक कुठेतरी अधांतरी राहते. म्हणून ढकलता ढकलता पाते तिरके सरकवत न्यायचे, म्हणजे सुरुवातीला टाच दगडावर असते आणि शेवटी टोक. धारेला किंचित बाकदारपणा असेल तर हे तिरके सरकवणेच तिला सर्वत्र दगडाला लावते. कागदावर हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात डावीकडे जाणारा हात आणि उजवीकडे येणारा हात यांचा भार वेगळा पडतो आणि एका बाजूचा उतार दुसरीपेक्षा रुंद होत जातो, हे भिंगाखाली पाहिल्यावरच लक्षात येते.

पण या सगळ्याहून मोठी अडचण भाराची आहे. काहीच होत नाही असे वाटले, की माणूस दाबतो. कोरलेल्या वस्तऱ्याचे धारेजवळचे अंग काही दशांश मिलिमीटर जाडीचे असते. बोटाने दाबले की ते वाकते, धार दगडावरून सूक्ष्मशी उचलली जाते आणि दगड धारेच्या किंचित मागे घासत राहतो. म्हणजे जितके दाबावे तितकी धार दगडापासून दूर जाते. वस्तऱ्याचे एकूण वजन पन्नास-साठ ग्रॅमच्या घरात असते आणि शेवटच्या फेऱ्यांत तेवढाच भार पुरतो. सुरुवातीला, बोथटपण मोठे असताना, बोटाचा हलका टेकू देऊन गोल गोल घासणे चालते, पण तिथेही पात्यावर ठेवलेले बोट हे दाब देण्यासाठी नसून पाते दगडाला सारखे टेकलेले आहे याची खबर घेण्यासाठी असते. हा फरक समजायला वेळ लागतो आणि समजला तरी हात ऐकत नाही. शाळेपासून आपल्याला जोर लावून काम करण्याचीच सवय असते.

मिळणी झाली की नाही हे मग कसे ओळखायचे? उताराला मार्करची शाई लावून एक-दोन फेरे घ्यावेत. शाई जिथे राहिली तिथे दगड पोचलेला नाही, एवढे निश्चित कळते. पण शाई सगळी गेली याचा अर्थ धार झाली असा होत नाही, फक्त उतार सपाट झाला असा होतो. पाणी जास्त खरे बोलते. धार जिथे तयार झालेली असते, तिथे पाते पुढे जाताना समोरची पाण्याची कड पात्यावर चढून येते. बोथट जागी पाणी धारेखालून निसटते. दगडाला चिकटल्यासारखा एक ओढा हाताला जाणवू लागतो, कारण दोन सपाट पृष्ठभाग आता खरोखर सपाट टेकत असतात. आवाजही बदलतो, सुरुवातीची खरखर सारखी आणि मृदू होते. दगडावर काळसर कीट साचते ती पात्यातून निघालेल्या पोलादाची, आणि ती पात्याच्या सर्व लांबीखाली सारखी साचते आहे का हे पाहणे मला शाईच्या परीक्षेहून उपयोगी वाटते. शेवटी दिव्याखालची तपासणी आहेच. पांढरी रेघ टोकाजवळ तांदळाएवढी जरी उरली असेल, तरी पुढच्या दगडाकडे जाऊ नये.

बहुतेक नवशिके इथेच धीर सोडतात. चार हजाराचा, आठ हजाराचा दगड बाजूला ओला होऊन बसलेला असतो, आणि उरलेले बोथटपण तो काढील अशी आशा वाटते. तो ते काढीत नाही. तो न मिळालेल्या आढ्याला चकचकीत करतो. आरशासारखा चमकणारा उतार आणि न कापणारी धार अशी वस्तू तयार होते आणि ती फार फसवी असते, कारण डोळ्यांना ती सर्वांत सुंदर दिसते. म्हणून वस्तरा लागत नसेल तर दोष शेवटच्या दगडात शोधू नये, हजाराच्या दगडावर परत जावे. याउलट काही जण हजाराच्या दगडावर थांबतच नाहीत. दोन्ही उतार मिळाल्यानंतरही घासत राहिले, की धारेवर पोलादाचा पातळ पापुद्रा उभा राहतो, कारखान्यात ज्याला बर म्हणतात तसा. सुरीला धार लावताना बर मुद्दाम आणतात आणि मग काढून टाकतात. वस्तऱ्याच्या बाबतीत ती येऊच न देणे बरे, कारण काढताना ती आपल्याबरोबर धारेचे तुकडे घेऊन जाते.

मधल्या दगडांविषयी फार सांगण्यासारखे नाही. हजाराने पाडलेले ओरखडे चार हजाराने पुसायचे आणि चार हजाराचे आठ हजाराने. भिंगातून जुन्या ओरखड्यांची दिशा दिसेनाशी झाली की पुढे जायचे. फेरे मोजण्याचा नाद मी सोडून दिला आहे. पोलाद, दगड आणि हात यांतले एक जरी बदलले तरी आकडा बदलतो.

चामड्याचा पट्टा ही मात्र स्वतंत्र विद्या आहे. दगडावर धार पुढे असते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागून फरपटत यायला हवी; एकदा जरी उलटे झाले तर पट्ट्यात काप पडतो आणि धार जाते. पट्टा ताणलेला हवा, कारण सैल पट्टा पात्याच्या भाराने खाली वाकतो, धारेला वळसा घालून वर येतो आणि मोठ्या कष्टाने मिळवलेल्या मिळणीला गोलाई देतो. आधी कापडाच्या बाजूवर, मग चामड्यावर, पाते पाठीवर उलटत, घाई न करता फेरे घ्यायचे. वेग आपोआप येतो आणि आला नाही तरी काही बिघडत नाही. सलूनमधला तो चपळ पट् पट् आवाज गिऱ्हाइकासाठी होता, असा माझा संशय आहे. काकांचे वडील तळहातावर वस्तरा ओढत, हे मला आता वेगळ्या नजरेने दिसते. तळहाताची कातडी मऊ, किंचित तेलकट असते आणि तिथे धार पुढे जाण्याची चूक करून कोणालाही परवडत नाही, म्हणजे ज्याला तिथे ओढता येते त्याला भाराविषयी काही सांगायची गरज उरत नाही.

पट्ट्यानंतर केसाची परीक्षा घेतात. डोक्याचा एक केस चिमटीत धरून त्याचे मोकळे टोक धारेवर टेकवायचे आणि तो आपसूक तुटतो का ते पाहायचे. दिसायला ही परीक्षा फार नाट्यमय आहे, म्हणून तिच्यावर विश्वासही गरजेपेक्षा जास्त ठेवला जातो. केस जाड की पातळ, कोरडा की दमट, मुळाकडून धरला की टोकाकडून, यावर निकाल बदलतो, कारण केसावरच्या खवल्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. माझ्या आणि मुलीच्या केसांनी एकाच धारेविषयी उलट निकाल दिलेले आहेत. अखेरचा निकाल गालच देतो, आणि तोही दाढी साबणाने नीट भिजवून केस मऊ केल्यावर, पाते कातडीशी साधारण ३० अंशांत धरून आणि तसूभरही न दाबता.

केसाला दुबळा समजण्याचे कारण नाही. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याविषयीचे काम प्रसिद्ध केले. मानवी केस दाढीच्या पात्याच्या पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असतो. तरीही केस पात्याला तिरका भेटला, त्या जागी पोलादाची अंतर्गत रचना एकसारखी नसली आणि केस नेमका त्या कच्च्या जागेवर आला, तर धारेचा टवका उडतो. पाते झिजून बोथट होते असे आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी असे टवके उडून बोथट होते. त्यांचे प्रयोग बाजारातल्या फेकाऊ पात्यांवर होते, पण माझ्या वस्तऱ्यावर काही आठवड्यांनी भिंगाखाली जे दिसते, ते याहून फार वेगळे नसते. हंट्समनला सारख्या पोताचे पोलाद हवे होते ते घड्याळाच्या स्प्रिंगांसाठी, हे इथे आठवते.

वस्तऱ्याची सद्दी संपली ती दाढीच्या त्रासामुळे नव्हे, या सगळ्या खटाटोपामुळे. किंग कँप जिलेट याच्या कंपनीने १९०३ मध्ये विक्रीच्या पहिल्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती विकली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले गेले. त्या काळच्या तिच्या जाहिरातींतला ठळक दावा काय होता? दाढी गुळगुळीत होईल, हा नव्हे. पट्ट्यावर ओढायला नको आणि दगडावर पाजवायला नको, हा होता. पाते बोथट झाले की फेकून द्यायचे. हा सौदा गिऱ्हाइकाने आनंदाने पत्करला आणि सकाळी कामावर पोचायची घाई असलेल्या माणसाला मी आजही तोच सुचवीन. वस्तरा पाजवण्यात पैसे वाचतात, असे सांगणाऱ्यांनी दगडांच्या पावत्या जपून ठेवलेल्या नसाव्यात.

एकदा नीट घडलेली धार सांभाळायला मात्र थोडेच लागते. रोजच्या दाढीआधी पट्ट्यावर फेरे, आणि गाल तक्रार करू लागला की फक्त शेवटच्या दगडावर थोडे फेरे. हजाराच्या दगडाकडे पुन्हा जाण्याची वेळ वस्तरा पडला, आपटला किंवा गंजला तरच येते. आपल्याकडे गंजाचे भय जास्त. हे पोलाद साधे, कार्बनयुक्त असते, त्याच्यात गंजरोधक असे काही नसते, आणि जुलैतल्या हवेत न्हाणीघराच्या फडताळात एका रात्रीत धारेवर तांबूस ठिपके उठतात. वापरल्यावर पाते आधी टिपकागदाने, मग पट्ट्यावर चार फेरे घेऊन कोरडे करावे, शिवणयंत्राच्या तेलाचा बोटभर हात फिरवावा आणि वस्तरा न्हाणीघराबाहेर, हवा लागेल अशा जागी ठेवावा. ओल्या पात्यावर मूठ मिटू नये.

सध्या दगडावर दुसरा वस्तरा आहे, शेफील्डचा, पाचरीच्या आकाराचा, पाठीवर टेप लावलेला. त्याची टाच शेपटीकडे जिथे जाड होते, तो खांदा दगडाच्या कडेवर चढतो आणि धारेला उचलून धरतो, त्यामुळे टाचेकडची बोटभर जागा सोडली तर बाकीचे आढे मिळाले आहे. तो खांदा थोडा घासून कमी करावा, की पाते दगडावर तिरके धरून त्याला चुकवावे, हे अजून ठरत नाही. घासले तर जुने रूप जाईल. चुकवले तर टाचेकडे पांढरी रेघ राहील असे वाटते. तूर्तास तिरके धरून पाहतो आहे.